नऊ दिवसांची दिशा

बनू शुवैल टोळीची मशीद जळाली त्या दुपारी वारा उत्तरेचा होता, म्हणून वस्ती वाचली. बोरूच्या भिंती आणि खजुराच्या झावळ्यांचे छप्पर इतक्या लवकर संपले, की कालव्यातून पहिला घडा भरून आणेपर्यंत आत जळण्यासारखे काही उरलेच नव्हते. उरली ती जमिनीवरची राखेची एक लांब रेघ, जिथे किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची, भिंत उभी होती तिथे. एकतीस वर्षे ज्या भिंतीकडे तोंड करून या लोकांनी दिवसातून पाच वेळा कपाळ टेकले, तिचे आता काहीच शिल्लक नव्हते; फक्त तिची दिशा तेवढी जमिनीवर पडून होती.

मी दादोये, गवंडी. पलीकडच्या पारशी मुलखातून येऊन या टोळीच्या आश्रयाला राहिलो, त्यांचा धर्म माझा झाला, त्यांची भाषा माझ्या स्वप्नांत शिरली, तरी बावीस वर्षांनंतरही माझ्या नावापुढे त्यांच्यापैकी कुणी ‘आमचा’ असे लावत नसे. टोळीचा प्रमुख मुसाविर राखेच्या कडेला उभा राहून म्हणाला, “या वेळी विटांची बांधायची. बोरू पेटतो, वीट पेटत नाही.” मग माझ्याकडे वळून, “आणि ए दादोये, राखेवरच दोरी धर. बोटभरही इकडंतिकडं नको. ती रेघ अबू मिरदासनं ओढलीय. तुझ्या-माझ्यासारख्यानं नाही.”

ही रेघ हा त्या वस्तीचा मोठा अभिमान होता. कालव्याने एक दिवस वर गेले की बसरा लागते. तिथल्या मशिदीत उभे राहिले की आपण घरी उभे राहतो त्यापेक्षा बरेच उजवीकडे वळून उभे आहोत, हे पायांना कळायचे. बनू शुवैलचे लोक तिथून परत येत आणि हसत. “त्यांची भिंत कारभाऱ्यांनी बांधली,” ते म्हणत, “आमची सहाब्यानं दाखवली.” ज्याने पैगंबरांना आपल्या डोळ्यांनी पाहिले तो सहाबी, आणि अशा माणसाने जिथे भाला रोवला तिथून भिंत हलवण्याचा विचार कुणाच्या मनात येणार?

अबू मिरदास म्हणजे मिरदासचा बाप; त्याचे मूळ नाव खुलैद. तरुणपणी टोळीच्या शिष्टमंडळाबरोबर तो मदिनेला गेला आणि तिथे नऊ दिवस राहिला. फक्त नऊ. त्याचे उरलेले सगळे आयुष्य त्या नऊ दिवसांवर उभे होते. दूरवरून लोक यायचे, गुडघे टेकून बसायचे, विचारायचे: तुम्ही काय ऐकलंत? आणि तो दर वेळी तेच सांगायचा, “मी मागच्या ओळीत होतो, बाळांनो. मला पाठी दिसल्या.” काही जण रागावून उठून जात. इतक्या लांब येऊन एवढेच? पण जे त्याने ऐकले नव्हते ते त्याच्या तोंडून कधी कुणी काढू शकले नाही.

जे पाहिले होते ते मात्र तो देहाने जपत होता. नमाजाआधी वजू करताना तो हात इतके सावकाश धुवायचा, की जणू ते कुणाचे तरी ठेवायला दिलेले हात आहेत आणि मागायला येणारा वाटेवर आहे. सोमवारी आणि गुरुवारी उपवास. घराला झापाचे दार होते ते त्याने काढून ठेवले होते, कारण दार असले की माणसाला हाक मारावी लागते आणि गरजवंताला हाक मारायची लाज वाटते. विधवा अफराच्या खजुरांना भरतीचे पाणी चढेना तेव्हा त्याने एकट्याने दोन हिवाळे खपून तिच्या बागेपर्यंत चर खणला. नमाज तोच पढवायचा. त्याच्यामागे उभे राहिले की मला वाटे, हा माणूस पुढे नाही, कुणाच्या तरी मागेच उभा आहे.

विटा वाळायला नऊ-दहा दिवस लागले. नंतर मी राखेच्या दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि चुन्याची फक्की मारायला वाकलो. सकाळचे ऊन वर चढत होते. माझी सावली दोरीवर पडली आणि मी तसाच थांबलो. मी बसऱ्यात अठरा घरे आणि दोन मशिदी बांधल्या होत्या. डोळा एकदा शिकला की विसरत नाही. बसऱ्याच्या भिंतीत आणि या दोरीत काटकोनाच्या अर्ध्याहून थोडा कमी, एवढा फरक होता. आणि एवढा फरक म्हणजे मक्का नव्हे, निर्जन वाळू.

“तुझी दोरी काय म्हणते?”

मागे अबू मिरदास उभा होता.

“दोरी सरळ आहे, अबू मिरदास.”

“दोरी सरळच असते रे, पुतण्या. ती चाललीय कुठं, ते विचारतोय.” धाकट्यांना तो पुतण्याच म्हणे.

मी हातातली फक्की खाली ठेवली. “मी आश्रित माणूस. जिथं सांगतात तिथं धरतो.”

“म्हणजे चुकलीय.”

तो विटांच्या ढिगावर बसला, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून.

“आम्ही इथं पहिला तळ टाकला ना,” तो म्हणाला, “तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. खुलैद मदिनेला जाऊन आलाय, खुलैद सांगेल. मी तेव्हा तिशीतला. छाती अशी फुगली म्हणून सांगू! रात्री बाहेर आलो, ध्रुवाचा तारा बघितला, त्याच्याकडं पाठ केली आणि समोर भाला रोवला. कारण मदिनेत तसंच उभे राहायचो आम्ही. ध्रुव बरोब्बर पाठीशी.”

“मदिनेहून मक्का दक्षिणेला आहे,” मी म्हणालो.

“आणि इथून?”

“इथून नाही.”

“इथून नाही.” त्याने मान हलवली. “मी जिथं होतो तिथलं सगळं नीट लक्षात ठेवलं, दादोये. पाय कसे, हात कुठं, तारा कुठं. आता मी कुठं आहे, एवढंच विसरलो.”

मला त्याचा इतका कळवळा आला, की मी गवंड्यासारखे न बोलता मुल्लासारखे बोललो. म्हणालो, माणूस चुकतो, मनापासून चुकलेल्याला माफी असते, एकतीस वर्षांचे एकही कपाळ वाया गेलेले नाही.

“ते ठाऊक आहे मला. चूक एका रात्रीची होती.” तो राखेकडे पाहत राहिला. “बारा वर्षांपूर्वी हजला गेलो मी. इथून निघालो आणि रोज रात्री उंटावर बसून बघायचो. ध्रुव पाठीशी येईचना. उजव्या खांद्यामागं. दुसऱ्या रात्री तिथंच, दहाव्या रात्री तिथंच. काबा दिसला तेव्हा सगळे रडले, मी पण रडलो. त्यांना वाटलं भक्तीनं. त्यानंतर मात्र ती चूक राहिली नाही, पुतण्या.”

“बारा वर्षं?”

हे मी विचारले नव्हते. त्याची बायको उम्म मिरदास मडक्यात ताक आणि फडक्यात जवाच्या भाकरी घेऊन विटांच्या ढिगामागून आली होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. टोळीतले पुरुष तिच्यासमोर आवाज खाली ठेवत.

“उम्म मिरदास, तू...”

“बारा वर्षं माझ्या शेजारी झोपलास आणि हे पोटात ठेवून झोपलास?” तिने मडके खाली ठेवले, इतके जपून की त्यातच तिचा राग कळला. “दात दुखला तर अख्ख्या वस्तीला सांगतोस. आणि हे नाही सांगितलंस?”

“कसं सांगणार होतो? परत आलो आणि त्याच महिन्यात आपला मिरदास गेला.”

मिरदास त्यांचा एकुलता मुलगा. तापाने गेला. कालव्याच्या वरच्या टेकाडावर त्याला उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे करून निजवले होते; त्या भिंतीच्या किब्ल्याकडे.

“कबरीत मीच उतरलो होतो,” अबू मिरदास म्हणाला. “मला ठाऊक होतं. त्याला थोडा आणखी वळवावा असं मनात आलं. पण वर सगळे वाकून बघत होते. वळवला असता तर विचारलं असतं, असं का? मग सगळंच सांगावं लागलं असतं. लोक काय म्हणतील, या भीतीनं मी माझ्या पोराला तसाच ठेवला. आणि त्यानंतर सांगायचं म्हणजे हे सांगायचं.”

उम्म मिरदासने फडक्यातल्या भाकरी विटांवर ठेवल्या. कालव्यात ओहोटी लागली होती आणि चिखलात अडकलेल्या छोट्या होड्या एकेक करून कलत होत्या.

“मिरदासला मी अल्लाच्या हवाली केलाय,” ती शेवटी म्हणाली. “त्याला वळवणारा तो आहे, तू नाहीस. पण इथं वीट लागली की शंभर वर्षं हलणार नाही. उद्या सांग.”

“उद्या सांगतो.”

“सगळं सांग.”

त्याने मडके तोंडाला लावले आणि त्यातले ताक त्याच्या दाढीवर सांडले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहराची नमाज झाली आणि तो उठायच्या ऐवजी लोकांकडे तोंड करून बसला. जळलेल्या जमिनीवर सत्तर-ऐंशी पुरुष, मागे बायका. गुडघ्यांना, कपाळांना काळी राख लागलेली. तो खालच्या आवाजात बोलला, पण शेवटच्या ओळीपर्यंत शब्द पोचला. भाला कुठे रोवला, का रोवला. मदिनेचा तारा त्याने इथल्या आभाळात कसा वापरला. ही रेघ चुकलेली आहे; दादोयेला उजवीकडे वळून नवा पाया खणू द्या.

मग पुढच्या ओळीतला एक म्हातारा उठला, त्याच्यापाशी आला आणि त्याच्या कपाळाचे त्याने चुंबन घेतले.

“बघितलंत?” म्हातारा रडत होता. “याला म्हणतात अल्लाची भीती. ज्यानं पैगंबरांच्या मागं नमाज पढली तो म्हणतोय, मी चुकलो! आणि आपण?”

“मी खरंच चुकलो, बाबांनो.”

“तुम्ही म्हणणारच!” मागून कुणी तरी हसत म्हणाले. “तुम्ही तर भाकरी खाल्ली तरी माफी मागता.”

हशा पिकला, मायेचा हशा. अबू मिरदास उठून उभा राहिला. त्याने हात पसरून दिशा दाखवली, बसऱ्याची भिंत सांगितली, हजच्या वाटेवरचा तारा सांगितला. जितके तो सांगत गेला तितके त्यांचे डोळे ओले होत गेले. तारा कुणी ऐकतच नव्हते. ते फक्त त्याची नम्रता ऐकत होते. मी पाहत होतो: ज्या खांबावर ती सगळी माणसे टेकून उभी होती, तो खांब सांगत होता की मी कलतो आहे, आणि माणसे त्याला अधिकच घट्ट मिठी मारत होती.

“दादोयेला विचारा,” तो शेवटी म्हणाला.

मुसाविरने माझ्याकडे पाहिले. “अच्छा. म्हणजे या परक्या अजम्यानं तुमच्या कानात भरलंय तर. काय रे, बसऱ्याहून शिकून आलास का? आमच्या सहाब्याला दिशा शिकवतोस?”

“माझी दोरी...” मी म्हणालो.

“तुझी दोरी तुझ्या गाढवाला बांध.” पुन्हा हशा. “अबू मिरदास, तुमचा मान आमच्या डोक्यावर. पण भिंत राखेवरच उभी राहील. तुम्ही स्वतःला कितीही लहान म्हणा, आम्हाला तुम्ही केवढे ते माहीत आहे. उठा रे, सांज होतेय.”

लोक उठू लागले. अबू मिरदास तसाच उभा, हात अजून पसरलेला. आणि मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले ते मी आजवर कुणाला सांगितले नाही: त्याला सुटल्यासारखे वाटले होते. त्याने सांगितले होते, त्यांनी मानले नव्हते. आता वीट लागली तरी त्याचा दोष नव्हता. आदर जिथल्या तिथे होता, मुलगा जिथल्या तिथे होता. हात हळूहळू खाली येत होता.

“अबू मिरदास!”

बायकांच्या ओळीतून तो आवाज आला. उठणारे लोक थबकले.

“अर्धंच सांगितलंस,” उम्म मिरदास म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. एवढ्या माणसांतून, एवढ्या अंतरावरून, ती दोघे जणू चुलीपाशी बसली असावीत तशी एकमेकांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर दया होती असे मला वाटते. पण तिने नजर काढून घेतली नाही.

“हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे,” तो म्हणाला.

कुणी हसले नाही.

“हजहून आलो तेव्हापासून. रोज पाच वेळा तुमच्यापुढं उभा राहिलो आणि रोज पाच वेळा मला माहीत होतं. तुम्ही माझा हात धरून कपाळाला लावायचात, ते मला आवडायचं. म्हणून बोललो नाही. अल्लाच्या भीतीनं नाही. तुमच्या.”

पुढच्या ओळीतला म्हातारा, ज्याने चुंबन घेतले होते, तो नकळत बाहीने ओठ पुसू लागला. कुणी तरी ओरडले, “माझा बाप याच दिशेला तोंड करून गेला!” मागे एक तरुण दुसऱ्याला म्हणाला, “पाठी दिसल्या म्हणे, पाठी!” आणि थुंकला. हा गलका वाढत असताना अफरा पुढे आली. तीच विधवा, जिच्या बागेला त्याने चर खणून दिला होता. ती सावकाश चालत आली आणि लोक आपोआप बाजूला झाले.

“माझा नवरा कधी गेला, आठवतं?”

“आठ वर्षं झाली, अफरा.”

“म्हणजे तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“कबरीत कोण उतरलं होतं?”

“मी.”

“त्याला कुशीवर कुणी वळवलं?”

“मी वळवलं. याच हातांनी.”

तिने त्या हातांकडे पाहिले. मला वाटले ती मारेल. ती नुसतीच मागे वळली आणि घराकडे चालू लागली, आणि तिच्या त्या चालण्याने जे केले ते कुठल्याच शिवीने केले नसते.

मुसाविर पुढे आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या टोळीकडे मिरवण्यासारखे एकच होते, आणि ते आता त्याच्या डोळ्यांदेखत मातीत मिळाले होते. “उद्यापासून तू नमाज पढवू नकोस,” तो म्हणाला. आजवर त्याने अबू मिरदासला कधी अरेतुरे केले नव्हते. मग माझ्याकडे न बघता, “दादोये, ती दोरी काढ. ज्याच्या शब्दावर भिंत होती, तो शब्दच गेला. बसऱ्यात जशी आहे तशी धर.”

मी खुंट्या उपटल्या. मला जे हवे होते ते मिळाले होते, आणि त्याचा आनंद कुठेच सापडत नव्हता.

सकाळी मी नव्या जागी दोरी ताणून, फक्की मारून मजुरांची वाट पाहत बसलो. टोळीतले बारा जण यायचे ठरले होते. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली आले, भरतीचे पाणी चरांतून बागांत शिरू लागले, तरी कुणी फिरकले नाही. शेजारच्या घरांतून भाकरी थापल्याचे आवाज येत होते. ज्या घराला दार नव्हते त्या घरी त्या सकाळी कुणी गेले नाही, हे मला नंतर कळले. एकही जण नाही.

आले ते अबू मिरदास आणि त्याची बायको. त्याच्या खांद्यावर कुदळ, तिच्या हातात पाटी. तो फक्कीच्या पूर्वेच्या टोकाला उभा राहिला, बिस्मिल्ला म्हणाला आणि खणू लागला. सत्तरीकडे झुकलेला माणूस. पहिल्या दहा घावांतच त्याची छाती भात्यासारखी चालू लागली. ती माती भरायची, डोक्यावर घ्यायची, टाकून यायची.

“जरा दमानं घे,” ती एकदा म्हणाली. “शंभर वर्षांची भिंत आहे, दुपारपर्यंत नाही संपायची.”

“तू बस.”

“मी बसले तर तू आडवा होशील. मग मलाच खणावं लागेल, दुसरं काही तरी.”

तो हसला. हसणे संपेपर्यंत त्याला कुदळीवर टेकून राहावे लागले. मी थापी ठेवली आणि माझी कुदळ उचलली; गवंडी पाया खणत नाही, पण त्या दिवशी कोण गवंडी होते आणि कोण काय, हे बघायला तिथे कुणी नव्हते.

माती दोन जातींची होती. जिथे नवी फक्की जुन्या रेघेला ओलांडत होती तिथे हातभर काळी, राखेने भुसभुशीत. कुदळ आपोआप आत जाई. त्यापुढे कधी न खणलेली, खारट, पांढऱ्या मुळांनी गच्च धरलेली जमीन. आम्ही त्या कठीण भागाला लागलो तेव्हा ऊन चांगले तापले होते.

पश्चिमेच्या टोकाला घाव पडल्याचा आवाज आला. मान वर केली तर अफरा. झग्याचा घोळ कमरेला खोचलेला, स्वतःची कुदळ. बागेतली, आखूड दांड्याची. तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. फक्की बघितली होती आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली होती.

अबू मिरदासने कपाळ पुसले. तो दोन पावले तिच्याकडे गेला आणि थांबला.

“अफरा, तू राहू दे. कठीण आहे ती जमीन. मी करतो.”

“तुझ्यासाठी नाही करत.”

“माहीत आहे.”

“माहीत असणं तुला काही कामाचं नाही, खुलैद,” ती म्हणाली. मुलाच्या नावाची हाक तिने काढून घेतली होती. “कळलं? तुझ्याशी मी बोलत नाहीये.”

तिने माझ्याकडे तोंड केले. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र कोरडा होता.

“ए गवंड्या, किती खोल?”

“गुडघ्याइतका.”

“तुझा गुडघा का माझा?”

“तुमचा चालेल.”

ती फक्कीला लागून खणत पुढे सरकू लागली. अबू मिरदास आपल्या टोकाला परत गेला. उम्म मिरदासने भरलेली पाटी रिकामी केली, आणि त्याच्याकडे न परतता ती अफराच्या मातीच्या ढिगापाशी जाऊन वाकली. अफराने एकदा तिच्याकडे पाहिले, पाय मागे घेऊन तिला जागा दिली, आणि पुढचा घाव घातला.